तुम्ही विचारलंत म्हणून: अडतिसाव्या वर्षी अ‍ॅटॅक कसा?

‘सिगारेट नाही, दारू नाही, पोट नाही. मग तुला अ‍ॅटॅक आलाच कसा?’ लग्नात, बारशात, लिफ्टमध्येसुद्धा.

घ्या उत्तर. रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, यकृताच्या पेशी आपल्यावरच्या रिसेप्टर नावाच्या प्रथिनाने उचलतात. त्या रिसेप्टरच्या जनुकाची माझी एक प्रत बिघडलेली आहे, बाबांकडून आलेली. त्यामुळे एलडीएल जन्मापासूनच चढं. अडीचशे माणसांत साधारण एकाला असा वारसा असतो. हा रिसेप्टर शोधणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ साली नोबेल मिळालं. आमच्या घरात मात्र बाबांच्या टाचांमागच्या, याच कोलेस्टेरॉलच्या साठ्याने आलेल्या गाठींचं निदान ‘चपला चावतात’ एवढंच होतं. एक्केचाळिसाव्या वर्षी ते गेले.

गणपतीचा पहिला दिवस. दुपारी पाच मोदक, वर तूप. रात्री साडेदहाला छातीवर पाटा ठेवल्यासारखं झालं. मेहुणा म्हणाला, “मोदक बाधले,” आणि इनो दिलं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी वय विचारलं, पित्ताचं इंजेक्शन टोचलं, घरी पाठवलं. ईसीजी नाहीच. पहाटे दोनला खालचा जबडा ठणकायला लागला, बनियन पिळून निघेल एवढा घाम. जिना उतरताना मी बायकोला बजावत होतो, समईत तेल घालायला सांग कुणाला तरी. हृदयाची पुढची मुख्य रक्तवाहिनी पूर्ण बंद होती. स्टेंट पडला. तरी भेटायला येणारे मोदकांवरच अडलेले.

आता खरं सांगतो. एकोणतिसाव्या वर्षी विम्यासाठी रक्त तपासलं तेव्हा एलडीएल २३८ होतं. तेव्हाचा मी म्हणे, तूप सोडतो, रोज चालतो, उतरेल. उतरलं, २२१ झालं, आणि मी खूश! गोळी नको, एकदा धरली की जन्माची. त्याला मूर्ख म्हणावं, तर तो बूटही एक नंबर मोठे घ्यायला लागला होता, टाचेला घासतात म्हणून. म्हणजे कळत होतं त्याला. म्हणून ‘नशीब’ म्हणालात तरी मला राग येतो, ‘निष्काळजीपणा’ म्हणालात तरी येतो.

मुलगी नऊ वर्षांची आहे. तिच्याकडे हे उतरण्याची शक्यता निम्मी. तिच्या रक्ततपासणीची चिठ्ठी बायकोने फ्रिजवर लावली आहे, तीन महिने झाले. परवा ती म्हणाली, “बाबा, सँडल टोचतोय.” मी खाली बसून दोन्ही टाचा चाचपल्या. काही नव्हतं. या वयात गाठी सहसा नसतातच, मला ठाऊक आहे. तरी हायसं वाटलं.