चोवीस चौरस मीटर गच्ची आणि घरपट्टीची हरकत : माझा अनुभव

नगरपरिषदेच्या चतुर्वार्षिक फेरआकारणीची विशेष नोटीस आमच्या घरी आली तेव्हा घरात पहिला शब्द उमटला तो ‘अन्याय’ हाच होता. गेली काही वर्षे आमच्या घराचे करयोग्य मूल्य ७,५६० रुपये होते आणि त्यावर २२ टक्के दराने १,६६३ रुपये संकलित मालमत्ता कर येत असे. नव्या नोटिशीत करयोग्य मूल्य १९,६९९ रुपये दाखवले होते, म्हणजे केवळ संकलित कर ४,३३४ रुपयांवर जाणार होता. शिक्षण कर, वृक्षकर, अग्निशमन कर, घनकचरा शुल्क हे सगळे त्याहून निराळे. घरात एक वीट वाढलेली नव्हती आणि पट्टी मात्र अडीचपटीहून अधिक झाली होती.

शेजारीपाजारी सगळ्यांची हीच तक्रार असल्याने चौकात निवेदनाचा मसुदा फिरू लागला आणि त्यावर मीही सही केली. ‘वाढीव घरपट्टी रद्द करावी’ एवढाच त्याचा आशय होता. दोन दिवसांनी शांतपणे नोटीस पुन्हा वाचल्यावर माझ्या लक्षात आले की, या एका आकड्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र मिसळलेल्या आहेत आणि त्या सुट्या केल्याशिवाय कोणाशी काय भांडायचे हेच ठरणार नाही.

हिशोबाची रीत तशी सोपी आहे. बांधकामाचे क्षेत्रफळ, त्या भागासाठी व त्या प्रकारच्या बांधकामासाठी ठरवलेला प्रति चौरस मीटर मासिक भाडेदर आणि बारा महिने यांचा गुणाकार केला की वार्षिक भाडेमूल्य निघते. त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा केले की उरते ते करयोग्य मूल्य. आमच्या भागातील निवासी आर.सी.सी. बांधकामाचा दर ७ रुपयांवरून १२ रुपये झाला होता, ही पहिली गोष्ट. वरच्या मजल्याचे क्षेत्रफळ ३८ ऐवजी ६२ चौरस मीटर लागले होते, ही दुसरी. आणि तळमजल्यावरील पुढच्या खोलीचे १४ चौरस मीटर ‘बिगरनिवासी’ म्हणून ३६ रुपये दराने धरले होते, ही तिसरी. पहिल्या गोष्टीवर एकट्या घरमालकाची हरकत चालत नाही, कारण तो दर सगळ्या झोनला सारखाच लागू असतो. उरलेल्या दोन मात्र निव्वळ आमच्या घरापुरत्या होत्या आणि दोन्ही चुकीच्या होत्या. निवेदनात नेमक्या याच दोन गोष्टींचा उल्लेख नव्हता.

दाद कोणाकडे मागायची, यावर गावात बराच घोळ होता. नगरपरिषदेची मुदत संपून बराच काळ लोटला होता, निवडणुका लांबल्या होत्या आणि मुख्याधिकारीच प्रशासक म्हणून कारभार पाहत होते. माजी नगरसेवक ‘साहेबांना भेटून कमी करून घेऊ’ असे सांगत फिरत होते आणि लोक त्यांच्या मागे मुख्याधिकाऱ्यांच्या दालनाबाहेर बसत होते. प्रत्यक्षात महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ प्रमाणे आकारणी यादीवरील हरकती ऐकून यादी कायम करण्याचे काम प्राधिकृत मूल्यनिर्धारण अधिकाऱ्याचे असते आणि आमच्याकडे ती जबाबदारी नगररचना विभागाच्या सहायक संचालकांकडे होती. म्हणजे ज्यांच्या दारात गर्दी होती त्यांच्या हातात आकडा नव्हता, आणि ज्यांच्या हातात आकडा होता ते आठवड्यातून जेमतेम दोन दिवस गावात येत. कर विभागातील एका वयस्कर लिपिकाने हे मला एका वाक्यात समजावले : “ताई, निवेदन फायलीला लागतं, हरकत यादीला लागते. कलम ११९ची हरकत मुदतीत द्या, नाहीतर पुढे अपिलात पहिला प्रश्न हाच विचारतील.”

हरकतीसाठी ३० दिवस होते. मोजणीचा कागद मिळवण्यासाठी माहिती अधिकारात अर्ज करावा असे अनेकांनी सुचवले, पण त्या अर्जाला उत्तर देण्याची मुदतही ३० दिवसांचीच असल्याने कागद हातात पडेपर्यंत हरकतीचा दिवस निघून गेला असता. आकारणी यादी पाहण्याचा व तिचा उतारा घेण्याचा हक्क मालमत्ताधारकाला कायद्यानेच आहे, तेव्हा मी तसा साधा अर्ज लिहिला, आवक क्रमांक घातलेली पोच घेतली आणि तिसऱ्या दिवशी मोजणी पत्रक माझ्यासमोर आले.

त्या एका पानाने अर्धे कोडे सुटले. सर्वेक्षण खासगी एजन्सीला दिलेले होते. वरून ड्रोनने छायाचित्रे घेऊन इमारतींच्या कडा आखल्या होत्या आणि नंतर मुलांनी घरोघर जाऊन आतील मोजमाप भरायचे होते. आमच्या पत्रकावर मालकाच्या सहीच्या जागी ‘घर बंद’ असा शेरा होता आणि वरच्या मजल्याच्या रकान्यात तळमजल्याचेच ६२ चौरस मीटर जसेच्या तसे उतरवले होते. वर दोन खोल्या आणि पुढे मोकळी गच्ची आहे. गच्चीच्या एका बाजूला कपडे वाळत घालण्यासाठी टाकलेला पत्र्याचा अरुंद आडोसा छायाचित्रात छपरासारखा दिसतो, आणि बहुधा त्यावरूनच सगळा मजला बांधीव असल्याची समजूत झाली असावी.

त्या रविवारी मी आणि माझ्या यजमानांनी टेप घेऊन गच्ची मोजली. कठड्याच्या आतून सहा मीटर लांबी आणि चार मीटर रुंदी, म्हणजे बरोबर २४ चौरस मीटर भरली. बासष्टमधून चोवीस गेले की अडतीस उरतात आणि १९९४च्या मंजूर नकाशावरही वरच्या मजल्याचे क्षेत्र तेवढेच होते. तो नकाशा शोधायला मात्र दोन संध्याकाळी लागल्या. लोखंडी कपाटाच्या तळाशी, लग्नाच्या निमंत्रणपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली, घडीवर विरलेला असा तो सापडला.

हरकत लिहिताना मी ‘अन्यायकारक’, ‘जाचक’, ‘सामान्य माणसाचे कंबरडे’ असले शब्द कटाक्षाने टाळले. पत्रकातील चुकीची नोंद, तिच्यासमोर खरी नोंद, तिचा पुरावा आणि दुरुस्तीनंतर येणारे करयोग्य मूल्य, म्हणजे १०० चौरस मीटर गुणिले १२ रुपये गुणिले बारा महिने, वजा १० टक्के, बरोबर १२,९६० रुपये, एवढेच एका पानात मांडले. सोबत नकाशाची प्रत, गच्चीची चार छायाचित्रे आणि घरगुती वापराचे वीजबिल जोडले. बिगरनिवासी ठरवलेल्या खोलीबाबत वीजबिल हाच माझा मोठा आधार होता आणि तो पुरेसा आहे, अशी माझी खात्री होती.

सुनावणी नगरपरिषदेच्या सभागृहात होती. नगरसेवकांच्या खुर्च्या भिंतीकडे सरकवून मध्ये एक टेबल मांडले होते आणि क्रमांक पुकारला की दोन-तीन मिनिटांत माणूस आत जाऊन बाहेर येत होता. माझ्या आधीच्या गृहस्थांनी रस्त्यावरचे खड्डे, दिवसाआड येणारे पाणी आणि बंद पडलेले पथदिवे यांबद्दल अतिशय पोटतिडकीने सांगितले. त्यातले सगळे खरे होते, पण अधिकाऱ्यांनी विचारले, “क्षेत्रफळ मान्य आहे का?” ते म्हणाले, “क्षेत्रफळ बरोबर आहे हो, पण...” आणि तिथेच त्यांची हरकत संपली. मला त्यांच्यासाठी वाईट वाटले आणि आपण एका पानातच थांबलो याचे बरेही वाटले.

गच्चीचा मुद्दा मिनिटभरात निकाली निघाला. अधिकाऱ्यांनी नकाशावर बोट ठेवले, एजन्सीच्या प्रतिनिधीकडे पाहिले आणि ‘क्षेत्र ३८ चौ.मी. धरावे’ असे लिहिले. खोलीच्या मुद्द्यावर मात्र मीच अडकले. वीजबिल पाहून झाल्यावर त्यांनी पत्रकासोबतचे छायाचित्र माझ्याकडे सरकवले. त्यात आमच्या घराचा दर्शनी भाग होता आणि खिडकीच्या वर, गंजून तपकिरी झालेली पण वाचता येईल अशी पत्र्याची पाटी होती : ‘लेडीज टेलर’. माझ्या सासूबाई त्या खोलीत शिवणकाम करीत. त्यांना जाऊन दहा वर्षे झाली. पाटी काढावी असे कोणालाच सुचले नाही, की सुचूनही कोणी हात लावला नाही, हे आता मला सांगता येणार नाही. रोज ज्या दारातून आम्ही ये-जा करतो त्या दारावरचा व्यवसायाचा एवढा उघड पुरावा आम्हालाच दिसेनासा झाला होता.

“मग एजन्सीची यात काय चूक?” अधिकाऱ्यांनी विचारले. त्यांच्या आवाजात चिडचिड नव्हती आणि माझ्याजवळ उत्तर नव्हते. खोलीचा वापर स्थळपाहणी करून ठरवावा, असा आदेश त्यांनी दिला. त्यांनी ती हरकत जागेवरच फेटाळली असती तरी मला फारसे बोलता आले नसते, हे मान्य करायला हवे. बिगरनिवासी नोंद राहिली असती तर भाडेदर तिप्पट लागला असताच, शिवाय जो केवळ अशाच वापराच्या मालमत्तांना लागतो तो रोजगार हमी करही मागे लागला असता.

आठ दिवसांनी कर निरीक्षक आले. आधी पाटी काढा, मग मी फोटो घेतो, असे म्हणून ते अंगणात उभे राहिले. यजमानांनी स्टूल आणले. चारपैकी तीन खिळे हाताने ओढताच निघाले आणि चौथ्यासाठी पक्कड लागली. पाटीखालचा भिंतीचा चौकोन मूळच्या पिवळ्या रंगाचा, अगदी ताजा दिसत होता. निरीक्षकांनी आत येऊन शिलाई मशीनही पाहिले, त्यावर ठेवलेल्या वर्तमानपत्रांच्या रद्दीचा फोटो घेतला आणि पंचनाम्यात ‘खोलीचा वापर निवासी, व्यवसाय बंद’ असे लिहून आमच्या आणि शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या. दोन महिन्यांनी निर्णयाची प्रत आली. करयोग्य मूल्य १२,९६० रुपये.

येथे प्रकरण संपायला हवे होते, परंतु त्यानंतर आलेले बिल मात्र १९,६९९ रुपयांवरच काढलेले होते. आदेश कागदावर दुरुस्त झाला होता, संगणकात झाला नव्हता. खिडकीवरच्या तरुण कर्मचाऱ्याने आता भरून टाका, पुढच्या वर्षी वळते करून घेऊ, असा सल्ला दिला. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती लागते, त्यामुळे नुसते न भरता बसून राहण्यात अर्थ नव्हता. दुसरा मार्ग कलम १६९ खालील अपिलाचा होता. त्यासाठी बिल मिळाल्यापासून १५ दिवसांची मुदत आणि बिलाची रक्कम आधी भरण्याची अट होती. शिवाय अपील समितीचे अध्यक्षपद प्रांताधिकाऱ्यांकडे असले तरी तिच्यात लोकनियुक्त पदाधिकाऱ्यांच्याही जागा असतात, आणि आमच्याकडे तर निवडून आलेला एकही सदस्य पदावर नव्हता. ती समिती कधी बसणार, हे नगरपरिषदेत कोणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हते. करावर कोण निर्णय देणार हा प्रश्न शेवटी खुर्चीवर कोण नेमले आहे, किंवा नेमलेलेच नाही, यावर येऊन थांबतो, हे मला त्या खिडकीसमोर जितके कळले तितके कधीच कळले नव्हते.

मी अपील केले नाही. जो निर्णय माझ्याच बाजूने लागला होता त्याविरुद्ध अपील करण्यासारखे त्यात काही नव्हते. हवी होती ती केवळ अंमलबजावणी. म्हणून सातव्या दिवशी, १५ दिवसांच्या आत, बिलाची प्रत, निर्णयाची प्रत आणि दोन्हींमधील फरक दाखवणारा चार ओळींचा अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे आवक विभागात दिला आणि त्याच वयस्कर लिपिकांना जाऊन भेटले. त्यांनी चष्मा वर सरकवून दोन्ही आकडे पाहिले, “यादी फिरली, बिल फिरलं नाही,” एवढेच म्हणाले आणि संगणक विभागाला टिपणी पाठवली. सुधारित बिल नवव्या दिवशी मिळाले. संकलित कर २,८५१ रुपये. दर ७ वरून १२ रुपयांवर गेल्यामुळे झालेली वाढ त्यात आहेच, आणि ती मला आजही जास्त वाटते. आमच्या चौकातील निवेदन त्या दरावरच होते, पण त्याचे पुढे काय झाले हे सही करणाऱ्यांपैकी कोणीही विचारायला गेलेले नाही. मीही नाही.

सुधारित बिलावर मालक म्हणून अजून माझ्या सासऱ्यांचेच नाव आहे, आणि तेही आडनावात एक काना जास्त देऊन. वारसनोंदीचा अर्ज वेगळा करावा लागतो. मृत्यूचा दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र आणि चालू वर्षाच्या करभरणा पावतीसह तो मी मागच्या सोमवारी दिला असून त्याची पोच फायलीत लावली आहे.