पाणकावळ्यांचा तराफा उलटा का जात होता

ग्वानाय पाणकावळे (पेरूच्या किनाऱ्यावरचे समुद्रपक्षी) मासे कसे शोधतात याचे माझे संगणकीय मॉडेल तीन आठवडे ज्या चुकीपाशी अडून बसले होते, ती काल रात्री सापडली. वॉर्ड आणि झहावी यांची १९७३ मधील ‘वसाहत हेच माहितीकेंद्र’ ही कल्पना, म्हणजे उपाशी पक्षी पोट भरून आलेल्या शेजाऱ्यामागे जाऊन अन्न शोधतो, शब्दशः कोडमध्ये उतरवली तेव्हा ती का फसली, हे मागील नोंदीत आलेच आहे: पोट भरून परतलेला पक्षी घरट्यावर बसतो आणि बाहेर पडतो तो त्याचा जोडीदार, त्यामुळे शेजारी त्या परतलेल्या पक्ष्यामागे जाण्यासाठी थांबला तर तोवर अँकोवेटा या लहान माशांची झुंड भलतीकडे गेलेली असते.

म्हणून व्हायमर्सकिर्श आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये पेरूच्या किनाऱ्यावरून नोंदवलेला तराफा घेतला. हे पाणकावळे वसाहतीजवळ पाण्यावर एकत्र तरंगतात, परतणाऱ्यांच्या सर्वांत मोठ्या रांगा ज्या बाजूने येतात तिकडे सतत सरकत राहतात, आणि निघणारा पक्षी त्यावरून दिशा घेतो. माझा तराफा मासे पश्चिमेला असेपर्यंत शहाण्यासारखा वागे, आणि खुला समुद्र तिकडेच असल्याने माझ्या बहुतेक चाचण्याही तिकडच्याच होत्या. झुंड उत्तरेला गेली की मात्र तो थेट दक्षिणेला जाऊन बसे. आधी मी वाऱ्याला दोष दिला, मग स्मृतीच्या पॅरामीटरला. शेवटी एकेक कोन छापून पाहिला, तेव्हा उमगले की मी कोनांची साधी सरासरी काढत होतो, आणि ३५० व १० अंश या दोन्ही जवळजवळ उत्तरेच्याच दिशा असूनही त्यांची साधी सरासरी १८०, म्हणजे दक्षिण, येते! साइन आणि कोसाइन यांची वेगवेगळी बेरीज करून दिशा काढताच तराफा निमूटपणे उत्तरेला वळला. नम्पाय या पायथॉनच्या गणिती लायब्ररीमध्ये हा बदल दोन ओळींचा आहे. बटणे दाबून चालणाऱ्या तयार साधनांत आतले आकडे इतक्या सहज दिसले नसते, असे माझे मत आहे.

आणखी एक समाधान म्हणजे, वसाहत दुप्पट केल्यावर बेटाजवळचे मासे आधी संपले आणि पक्ष्यांच्या फेऱ्या लांबल्या. ॲशमोल यांनी १९६३ मध्ये उष्णकटिबंधीय समुद्रपक्ष्यांबद्दल हेच सुचवले होते.

यानंतर शिकारी पक्षी आणायचे होते, पण तो बेत हे लिहितानाच पुढे ढकलत आहे. पाणकावळ्यांच्या शेजारीच घरटी करणारे पेरूव्हियन बूबी तेच मासे खातात, तरी निघताना ते मुख्यतः स्वतःच्या स्मृतीवर विसंबतात आणि समुद्रावर भाऊबंदांची पांढरी पिसे दुरून पाहून झुंड हेरतात. काळ्या पाठीच्या पाणकावळ्यांना तराफ्याची गरज पडते ती ते दुरून दिसत नाहीत म्हणून की काय, ही शंका सर्वस्वी माझी आहे. तेव्हा आधी ‘पक्षी किती अंतरावरून दिसतो’ हाच पॅरामीटर बदलून पाहणार आहे.