ताट कुणापुढे आहे?

'गोष्टीत कुणी काय खाल्लं, याला एवढं महत्त्व कशाला? कथानक पुढे न्या की!' पुस्तकांबद्दल बोलायला लागलो की हे हमखास ऐकावं लागतं. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

चवीच्या वर्णनांचा मलाही कंटाळा येतो. खमंग, खुसखुशीत वगैरे विशेषणं जाहिरातीला शोभतात. मी बघतो ते एवढंच, की ताट कुणापुढे आहे आणि कुणाच्या वाट्याला काय आलं.

प्रेमचंदांची 'कफन' घ्या, १९३५-३६च्या सुमाराची. झोपडीत बुधिया बाळंतवेणांनी तळमळतेय. बाहेर तिचा नवरा माधव आणि सासरा घीसू चोरून आणलेले बटाटे भाजून खातायत. माधव आत जात नाही. का? तर तो उठला की बाप जास्तीचे बटाटे फस्त करील! दोघेही आदल्या दिवसापासून उपाशी. निवेपर्यंत धीर नाही, जिभा पोळतात, घाईघाईनं गिळताना डोळ्यांतून पाणी येतं. आत बाई मरणाच्या दारात, आणि त्या दोघांच्या डोळ्यांत पाणी आलंय ते गरम बटाट्यानं. लेखक त्यांना निर्दय म्हणत नाही, बिचारेही म्हणत नाही. त्याची गरजच काय?

रशियन लेखक सोल्झेनित्सिनच्या १९६२ सालच्या 'इव्हान डेनिसोविचच्या आयुष्यातला एक दिवस' या लघुकादंबरीतला कैदी शुखोव याच्या अगदी उलट. सोव्हिएत श्रमछावणीतलं पातळ सूप पितानाही तो थंडीत टोपी काढून बसतो. माशाचे डोळे जागच्या जागी असतील तर खातो, सुटून वाडग्यात तरंगत असतील तर नाही. बाकीचे हसतात. हसू देत! सगळं हिरावून घेतलेल्या माणसानं एवढं स्वतःकडे राखलंय.

(फ्रेंच कादंबरीकार प्रूस्तचा चहात बुडवलेला, बालपणीच्या आठवणी जागवणारा केक मुद्दाम सोडतो. तो सगळेच सांगतात.)

भरल्या पोटीही हेच. टॉल्स्टॉयच्या 'अ‍ॅना कॅरेनिना'त ओब्लॉन्स्की आपला मित्र लेव्हिन याला जेवायला नेतो, तेही जिथे त्याची उधारी जास्त थकलीय अशाच ठिकाणी, कारण तिथे जायचं टाळणं त्याला बरं दिसत नाही. तो कालवं मागवतो. लेव्हिनला कोबीचं सूप आणि पेज पुरली असती. दोघांचे स्वभाव कळायला आणखी काय हवं? आणि कथानकाचं म्हणाल, तर कीटीला मागणी घालायला आलेल्या लेव्हिनला व्रॉन्स्की नावाचा प्रतिस्पर्धी आहे, हे कळतं ते याच टेबलावर.