खेळण्यांचं बारसं

बार्बी आणि केन ही नावं सख्ख्या बहीणभावांची आहेत हे कळल्यापासून ते दोघं खोक्यावर हातात हात घालून दिसले की मला कसंतरीच होतं. रूथ हँडलरबाईंनी १९५९ मध्ये बाहुली काढली, तिला लेकीचं नाव दिलं, बार्बरा. मग १९६१ ला बाहुलीला बॉयफ्रेंड हवा म्हणून बाहुला काढला, तर त्याला लेकाचं, केनेथचं. मनात काही वाकडं नसणार, पण नाव ठेवताना घरातच बघितलं की असं होतं.

घराबाहेर बघितलं तरी सुटका नाही म्हणा. १९९७ मध्ये ओरिओ बिस्किटांच्या जोडीने बार्बी आली, गोरी आणि काळी दोन्ही, आणि अमेरिकेतल्या काळ्या लोकांत ओरिओ हा चक्क टोमणा आहे, वरून काळा पण आतून गोरा असा. एवढ्या मोठ्या कंपनीत हे एकालाही सुचलं नाही? त्या मीटिंगला कोण कोण बसलं होतं याचा अंदाज येतो.

पण खरी गंमत लेगोची. डेन्मार्कची कंपनी, २००१ मध्ये बायोनिकल नावाची खेळणी काढली, बेटावरचे यंत्रवीर वगैरे, आणि नावं उचलली थेट न्यूझीलंडच्या मूळच्या माओरी लोकांच्या आणि आसपासच्या बेटांवरच्या भाषांतून. पोहाटू म्हणजे दगड, तो दगडवाला वीर, इथपर्यंत ठीक. पण गावातल्या बुटक्या, किरकोळ पात्रांना नाव दिलं तोहुंगा. माओरींमध्ये तोहुंगा म्हणजे जाणता माणूस, मंत्र, औषधं, कोरीवकाम, पिढ्यांचं ज्ञान सांभाळणारा. न्यूझीलंड सरकारने १९०७ मध्ये खास कायदा करून या लोकांवर बंदी आणली होती, ती १९६२ पर्यंत कागदावर होती. आणि आता तोच तोहुंगा मॅकडॉनल्ड्सच्या हॅपी मीलमध्ये बर्गरबरोबर! माओरी चिडले, वकिलाचं पत्र गेलं, आमचे शब्द आम्हाला न विचारता विकायला कसे काढता. बरोबरच आहे की.

लेगोने ऐकलं. तोहुंगाचे झाले मातोरान. आणि मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे त्यांनी हे गुपचूप नाही उरकलं, गोष्टीतच नामकरणाचा दिवस घातला, पराक्रम गाजवलेल्यांचा नवीन नाव देऊन सत्कार. आता हुकी, माकू, जाला या गावातल्या पात्रांची फक्त स्पेलिंगं बदलली, उच्चार जवळपास तेच, म्हणजे आपल्याकडे न्यूमरॉलॉजीवाला एक जादा अक्षर घालून देतो ना तसंच, पण बारसं झालं ते झालं.

पोहाटू मात्र पोहाटूच राहिला, आणि त्याच्या टोळीतली पाण्याची निळी वीरांगनाही आपलं नाव राखून आहे. तिचं नाव गाली. हिंदी कळणाऱ्या आजीसमोर नातवाने एकदा "मला गाली पाहिजे" म्हणून हट्ट धरून बघावा.