मरियामातेचं जन्मगाव: यरुशलेम की नासरेथ?

मरियामातेचा जन्म कुठे झाला, हे चारही शुभवर्तमानांत लिहिलेलं नाही. शुभवर्तमानकार लूक तिला एकदम नासरेथमध्ये, योसेफाशी वाग्दान झालेली कुमारी म्हणून समोर आणतो. अ‍ॅना आणि योआकीम ही आईवडिलांची नावंही बायबलबाहेरच्या, दुसऱ्या शतकातल्या 'याकोबाच्या आद्य शुभवर्तमाना'तून आली. त्यामुळे जन्मस्थानाचा मान सांगणारी गावं एकाहून जास्त आहेत. नासरेथपासून पाचसहा किलोमीटरवरचं सेफोरिस त्यातलंच. तरी सर्वांत जुनी आणि भक्कम परंपरा यरुशलेमची वाटते. ८ सप्टेंबरचा जन्मोत्सवही तिथल्याच एका प्राचीन चर्चच्या अर्पणदिनावरून आला असं मानतात. वांद्र्याची मोतमाउलीची जत्रा याच तिथीला धरून भरते.

यरुशलेमच्या जुन्या शहरात सिंह दरवाजातून आत शिरलं की काही पावलांवर, उजव्या हाताला संत अ‍ॅनाचं चर्च लागतं. बाराव्या शतकातलं क्रूसेडरांचं, म्हणजे युरोपातून आलेल्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांचं, बांधकाम. ११९२ मध्ये मुस्लिम सुलतान सलाउद्दीनने तिथे मदरसा केला. त्याचा अरबी शिलालेख आजही मुख्य दारावर आहे, तो न पाहता आत जाऊ नये. १८५६ मध्ये उस्मानी सुलतानाने ही वास्तू फ्रान्सला दिली. आत सजावट जवळजवळ नाही, नुसता दगड आणि कमानी. दक्षिणेकडच्या बाजूने पायऱ्या उतरल्या की तळघरातली गुहा येते. मरियेचा जन्म इथला, अशी श्रद्धा आहे.

या चर्चमध्ये गायचं असेल तर गाणं विचारपूर्वक निवडा. दगडी कमानींखाली सूर कित्येक सेकंद घुमत राहतो. जलद चालीचं, ढोलकीच्या ठेक्याचं भक्तिगीत घेतलं तर शब्दांवर शब्द चढतात आणि नुसता गलका होतो. संथ गीत घ्या, वाद्यं बाहेर ठेवा, प्रत्येक ओळीनंतर आधीचा सूर विरेपर्यंत थांबा. चारच आवाज असले तरी मोठा गायकवृंद गातोय असं वाटतं. चर्चच्या आवारातच बेथेस्दाचं तळं आहे, योहानाच्या पाचव्या अध्यायातलं. वेळ हातात ठेवून जा, कारण दुपारी दार बंद असतं.

नासरेथ हे लूकच्या शुभवर्तमानातलं मरियेचं राहतं गाव. येशूच्या जन्माची वार्ता देवदूताने तिला इथेच दिली, पण त्या संदेशाची दोन चर्चेस पाहून बरेच यात्रेकरू गोंधळतात. लूक म्हणतो, देवदूत तिच्याकडे 'आत' आला. म्हणून कॅथलिकांची बॅसिलिका घराच्या गुहेवर उभी आहे. आद्य शुभवर्तमानात मात्र पहिली हाक पाणी भरताना ऐकू येते. म्हणून ग्रीक ऑर्थोडॉक्सांचं संत गाब्रिएलचं चर्च झऱ्यावर आहे. दोन्हींत चालत फार अंतर नाही. दोन्ही पाहावीत.

आजची बॅसिलिका जोव्हान्नी मुत्सिओ या वास्तुविशारदाची, १९६९ साली अर्पण झालेली. बहुतेकजण गुहेसमोर प्रार्थना करून निघतात, आणि तिथलं प्राचीन गावच बघायचं राहून जातं. खालच्या चर्चमध्ये गुहेभोवती बायझंटाइन आणि क्रूसेडर चर्चांच्या भिंतींचे अवशेष दिसतात, ते नीट पाहा. मग वरच्या चर्चमधून बाहेरच्या अंगणात या: खाली प्राचीन नासरेथच्या खडकात कोरलेली धान्याची पेवं आणि पाण्याची टाकी आहेत. उत्खननात एका स्तंभाच्या बैठकीवर 'नमो मरिये' अशा अर्थाची ग्रीक अक्षरं कोरलेली सापडली. कुणा जुन्या यात्रेकरूच्या हातची ती अक्षरं पाहताना जपमाळेतले तेच शब्द ओठांवर येतात.

२००९ मध्ये बॅसिलिकेजवळच पहिल्या शतकातलं एक छोटं घर उजेडात आलं: दोन खोल्या, अंगण, पावसाचं पाणी साठवायचं टाकं. ते मरियेचं होतं असं कुणी म्हणत नाही. पण तिच्या शेजारपाजारची घरं कशी असतील हे त्यावरून कळतं.

नासरेथसाठी रविवार टाळलेला बरा. त्या दिवशी मिस्सा चालू असतात, बाजारातली बरीच दुकानं बंद असतात. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बसमध्ये चढताना चालकाला 'बॅसिलिका' असं स्पष्ट सांगा. डोंगरावरचं नोफ हगलील पूर्वी 'वरचं नासरेथ' म्हणूनच ओळखलं जायचं, आणि चुकीच्या बसने तिथे उतरलात तर सगळा उतार पायी उतरावा लागतो.