पालच्या जंगलातलं फर्स्ट एड ट्रेनिंग: माझा अनुभव

मी जळगावचा, दहा-बारा वर्षं झाली पोरांना घेऊन ट्रेकला जातोय, मनुदेवी, लळिंग, तोरणमाळ, एकदा दिवाळीत अस्तंब्याची यात्रा पण केली. फर्स्ट एड म्हणजे बॅगेत एक डबा, त्यात बँडेज, डेटॉल, क्रोसिन आणि एक स्प्रे. बरेच लीडर अजून एवढ्यावरच आहेत म्हणून हे लिहायला बसलो.

तीन वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये पाटणादेवीहून पितळखोऱ्याकडे चढत होतो. ऑक्टोबरचं ऊन आपल्याकडे काय असतं ते खान्देशातल्या माणसाला सांगायला नको. नववीतलं एक पोरगं मागे पडायला लागलं, मला वाटलं दमलं असेल, मग ते काहीतरी असंबद्ध बोलायला लागलं आणि मला ओळखेना. मी त्याला सावलीत बसवलं आणि तोंडात पाणी ओतत राहिलो, त्याला जोरात ठसका लागला तरी ओततच होतो कारण दुसरं काही माहितीच नव्हतं. नशीब, खाली जीप मिळाली, चाळीसगावला ॲडमिट केलं, दोन दिवसांनी घरी गेलं. पण डॉक्टरांनी विचारलं कधीपासून असं बोलतोय, किती पाणी प्यायलाय, लघवी कधी केली, आणि माझ्याकडे एकाही प्रश्नाचं उत्तर नव्हतं. संध्याकाळी त्याची आई आली, ती चिडली नाही, फक्त म्हणाली "काय व्हयनं व्हतं भाऊ?" तिला पण मला धड सांगता आलं नाही. ते डोक्यातून गेलं नाही.

मग गेल्या डिसेंबरला रावेर तालुक्यात पालला तीन दिवसांचं ट्रेनिंग आहे कळल्यावर फी भरून टाकली. आम्ही अठरा जण, त्यात दोन पीटीचे सर, एक सायकलवाल्यांचा ग्रुप, सातपुड्यातले चार गाईड, आणि पुण्याहून आलेले दोन ट्रेनर, एक सर आणि एक मॅडम.

पहिल्याच तासाला मॅडमनी विचारलं की गावातल्या आणि जंगलातल्या फर्स्ट एडमध्ये फरक काय. आम्ही सगळे सामानावर बोललो. त्या म्हणाल्या फरक वेळेचा आहे, जळगावात तुम्हाला वीस मिनिटं माणूस सांभाळायचाय, इथे चार तास सांभाळावा लागेल, कधी अख्खी रात्र. तिथून सगळं बदललं माझ्यासाठी, कारण चार तास म्हटल्यावर त्याला थंडी वाजेल, लघवीला लागेल, तो घाबरेल, बांधलेला पाय सुजून पट्टी आवळेल, हे सगळं तुमच्याच अंगावर येतं. म्हणून हाड मोडलं असेल तर काठी आणि ओढणीने बांधायच्या आधी आणि नंतर, आणि पुढे पण सारखं, बोटांचा रंग, गरमपणा आणि स्पर्श कळतो का ते बघायचं. रक्त वाहत असेल तर कापड ठेवून दाबून धरायचं, पूर्ण दहा मिनिटं, मध्ये उचलून बघायचं नाही. मी दर मिनिटाला उचलायला जायचो, हात आवरायला दोन वेळा प्रॅक्टिस लागली.

उन्हाचा विषय आला तेव्हा मी सगळ्यात पुढे बसलो. थकवा आणि उष्माघात यात ओळखायची खूण म्हणजे वागणं. माणूस बरळायला लागला, झोकांड्या द्यायला लागला की तो दमलेला नाही, उष्माघात धरून चालायचं आणि आधी अंग थंड करायचं, कपडे सैल करा, बाटलीतलं पाणी अंगावर ओता, टॉवेलने वारा घाला, आणि नीट शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका कारण ते फुप्फुसात जाऊ शकतं. म्हणजे तेच पाणी मी त्याच्या अंगावर ओतायला पाहिजे होतं. मी मॅडमना ब्रेकमध्ये सांगितलं सगळं, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

सापाचं तर आपल्याकडे किती चुकीचं चालतं, करकचून बांधणं, ब्लेडने कापणं, तोंडाने ओढणं, सगळं बंद. अंगठी, कडं, पैंजण काढा, हातपाय फळी लावून स्थिर ठेवा, चालवू नका, वेळ लिहून घ्या, आणि जिथे सापाच्या विषावरची लस आहे तिथे न्या. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारींसाठी लस एकच असते, त्यामुळे साप मारून पिशवीत आणायची गरजच नाही. आणि मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, बरेचदा दुखत पण नाही, म्हणून सकाळी कोणाच्या पापण्या जड झाल्या, बोलणं अडखळलं तर झोप झाली नसेल म्हणून सोडायचं नाही. विजेचं पण नवीन कळलं, चार जणांवर वीज पडली तर ओरडणाऱ्याकडे नाही, गप्प पडलेल्याकडे आधी धावायचं, त्याचा श्वास आणि हृदय बंद असेल तर लगेच सीपीआर, म्हणजे छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं, चालू केल्याने तो परत येऊ शकतो, आणि त्याला हात लावल्याने आपल्याला शॉक बसत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पेशंट उचलून न्यायचं प्रॅक्टिकल, सुकी नदीच्या काठाने. आम्ही चादरीत एकाला घेऊन सहा जण निघालो आणि पाच मिनिटांत हात गळाले. तेव्हा गाईडपैकी एक पावरा आदिवासी दादा काही न बोलता गेला, बांबू तोडून आणला, चादरीची झोळी बांधली, आणि दोघांनी खांद्यावर घेऊन दगडातून सरळ चालायला लागले. धडगाव-अक्कलकुवा भागात अजून बायका बाळंतपणाला अशाच झोळीतून रस्त्यापर्यंत येतात, पेपरवाले त्याला बांबुलन्स म्हणतात. सरांनी दादाला पुढे बोलावलं आणि पुढचा तासभर त्यालाच शिकवायला लावलं. मग सरांनी एकच भर घातली की झोळीत पाठ वाकते, त्यामुळे तापाचा, सापाचा पेशंट चालेल पण उंचावरून पडलेला, मान-पाठ दुखतेय म्हणणारा नाही, त्याच्यासाठी दोन बांबूंमध्ये आडव्या काठ्या बांधून सपाट स्ट्रेचर करायचं. दादाने ते लगेच करून दाखवलं. मला तो तास सगळ्यात भारी वाटला.

रात्रीची परीक्षा. पेशंट झालेला मुलगा दगडावर पडलेला, टॉर्चच्या उजेडात मी त्याला तपासलं, पाय बांधला, ब्लँकेट टाकलं, चांगलं जमत होतं. मग मॅडम म्हणाल्या रेंज नाहीये, टेकडीवर दोघांना पाठवा आणि चिठ्ठी द्या. मी लिहिलं, पोरगा पडलाय, पाय मोडलाय, लवकर या. त्यांनी ती सगळ्यांसमोर वाचली आणि विचारलं, १०८ चा फोन पुण्यात लागतो, तिथल्या माणसाला यातून काय कळेल? कुठे, कोणत्या बाजूने रस्ता, किती वाजता पडला, शुद्धीवर आहे का, नाडी आणि श्वास मिनिटाला किती, काय केलं, काय पाहिजे, काहीच नव्हतं. चाळीसगावच्या डॉक्टरांचे प्रश्नच परत समोर आले.

तिसऱ्या दिवशी पहाटे परत परीक्षा दिली. नाडी, श्वास, शुद्ध, दर पंधरा मिनिटांनी वेळेसकट वहीत. पास झालो. सर्टिफिकेट दोन वर्षांचं आहे, नंतर परत द्यावी लागेल आणि मी देणार.

आता डब्यात स्प्रेच्या जागी वही आणि दोन पेन्सिली आहेत, पेन भिजला की चालत नाही. निघायच्या आधी प्रत्येकाला कोणती गोळी चालू आहे, कशाची ॲलर्जी आहे विचारतो, वाटेत रेंज कुठे येते ते लिहितो. या रविवारी पाटणादेवीला चाललोय, ते पोरगं आता बारावीला आहे, ते पण येतंय. वही त्याच्याकडे देणार आहे.