बारा हेक्टोपास्कलची चूक

आण्णा साताऱ्याहून आले, त्यांना विमानातून फिरवायचं ठरलं आणि मग आठवलं, की तीन महिने मी विमानाला हातच लावलेला नाही. प्रवासी न्यायचा तर गेल्या 90 दिवसांत तीन टेक-ऑफ आणि तीन लँडिंग झालेली लागतात. म्हणून सकाळी लंडनजवळच्या एल्स्ट्री विमानतळावर एकट्यानेच तीन सर्किट मारली, म्हणजे उडून, धावपट्टीला फेरी घालून पुन्हा उतरलो. सर्किटला मी आल्टिमीटरवर, म्हणजे उंची दाखवणाऱ्या यंत्रावर, क्यूएफई (त्या विमानतळावरचा हवेचा दाब) लावायचो, म्हणजे धावपट्टीवर तो शून्य दाखवतो. त्या दिवशी क्यूएफई होता 1006 हेक्टोपास्कल. मग आण्णांना शेजारी बसवलं, लाडवांचा डबा मागे टाकला आणि टर्वेस्टनच्या विमानतळाकडे निघालो.

प्रवासाला लावतात क्यूएनएच, म्हणजे समुद्रसपाटीचा दाब, की सुई समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवते. तो 1018 होता. तो लावायचा राहिला.

एका हेक्टोपास्कलला साधारण 27 फूट उंची धरतात, आणि इथे फरक 12 चा. म्हणजे वाटेत बोव्हिंग्डनजवळ आल्टिमीटर 2400 दाखवत होता तेव्हा आम्ही खरे सुमारे 2730 वर होतो. आणि तिथे 2500 च्या वर लंडन टीएमए, म्हणजे मोठ्या विमानतळांसाठी राखलेली नियंत्रित हवाई हद्द, तीही सगळ्यात कडक, क्लास ए. आमच्यासारख्या व्हीएफआरवाल्यांनी, म्हणजे डोळ्यांनी बाहेर बघून उडणाऱ्यांनी, तिकडे फिरकायचंच नाही. टॅबलेटवरच्या नकाशाने लाल पट्टी दाखवली होती, खोटं कशाला बोलू. पण तो ऊठसूट कोकलतो, आणि समोरची सुई तर 2400 वर. मी पट्टी बोटाने पुसून टाकली. आण्णा खाली कालवा दाखवत होते, तो बघायला वाकलो.

ट्रान्सपॉन्डरवर, म्हणजे रडारला आपली ओळख आणि उंची कळवणाऱ्या यंत्रावर, 0013 हा कोड लावून मी ल्यूटन विमानतळाचं रडार नियंत्रण रेडिओवर ऐकत होतो. या कोडचा अर्थ एवढाच, की मला सेवा नको, पण माझे कान उघडे आहेत. कानात आमच्याच विमानाचं नाव आलं. रडारवरच्या बाई शांतपणे म्हणाल्या, उंची तपासा, आणि क्यूएनएच सांगितला.

गंमत अशी, की आपण आल्टिमीटरवर काहीही लावा, ट्रान्सपॉन्डरला त्याचा पत्ताच नसतो. तो नेहमी 1013 हा ठरावीक दाब धरून उंची पाठवतो, क्यूएनएचचा हिशोब खाली रडारवर होतो. मी अंधारात, त्यांना लख्ख दिसतंय.

“काय म्हणतीय रं ती?” आण्णांनी विचारलं. मी विमानाचं नाक खाली घातलं होतं, उत्तर द्यायची सोय नव्हती.

पुढे सीएएचं, म्हणजे तिथल्या विमान नियामक संस्थेचं, पत्र आलं, ऑनलाइन धडा आणि परीक्षा झाली. तिथे ‘टेक टू’ शिकवतात: हद्दीपासून बाजूने 2 मैल आणि उंचीत 200 फूट लांब राहा. सल्ला चांगलाच आहे. पण मी 2300 वर असतो तरी खरे 2630 भरले असते. माझा रोग आल्टिमीटरवर दाब लावायच्या खुंटीत होता. आता मी सर्किटसुद्धा क्यूएनएचवरच मारतो. धावपट्टीवर सुई 330 दाखवते, सुरुवातीला ते खटकायचं. आणि लाल पट्टी आली की आधी खुंटी बघतो, मग पट्टी पुसतो.

आण्णा मात्र एसटी डेपोतल्या जुन्या मित्रांना सांगत फिरतात, की लंडनला आमच्या पोराला रेडिओवर नाव घेऊन बोलवतात.